कल्पित पेचप्रसंग आणि नीतिविचार

नीतिशास्त्राच्या अध्ययन-अध्यापनात गेल्या पन्नास-साठ वर्षांत एका विशिष्ट पद्धतीने मोठे स्थान मिळविले आहे. एक प्रसंग कल्पावयाचा, त्यात दोनच मार्ग ठेवावयाचे, दोहोंतही कोणाचा तरी जीव जाईल अशी योजना करावयाची, आणि मग ‘आपण काय कराल?’ असे विचारावयाचे. येणाऱ्या उत्तरास नैतिक अंतःप्रतीती असे नाव देऊन तिच्या आधारे एखादे तत्त्व ग्राह्य किंवा त्याज्य ठरवावयाचे. ही पद्धती आता वर्गापुरती राहिलेली नाही. मानसशास्त्राची प्रयोगशाळा, स्वयंचलित वाहनांची रचना, कायद्याची चर्चा अशा अनेक क्षेत्रांत तिचा प्रवेश झाला आहे. आणि माणसाची नीती अशा कोड्यांच्या उत्तरांतून कळते, अशी समजूत सुशिक्षितांत रूढ होऊ लागली आहे. प्रस्तुत लेखात ह्या समजुतीचे परीक्षण करावयाचे आहे. कल्पित उदाहरणे सर्वथा निरुपयोगी आहेत असा ह्या लेखाचा दावा नाही. त्यांचा अधिकार कोठपर्यंत पोचतो, एवढेच पाहावयाचे आहे. आणि तो अधिकार सामान्यतः मानला जातो त्याहून पुष्कळच मर्यादित आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

१

ह्या वाङ्मयाचा उगम फिलिपा फुट ह्यांच्या १९६७ मधील एका निबंधात आहे. त्या निबंधाचा विषय अनावर ट्रामगाडी हा नव्हता. गर्भपाताचा प्रश्न व त्या संदर्भात सांगितला जाणारा ‘दुहेरी परिणामाचा सिद्धान्त’ हा होता. आपण जे हेतुपुरःसर घडवून आणतो ते, आणि आपल्या कृतीचा परिणाम म्हणून जे होणार हे आपणास केवळ दिसत असते ते, ह्या दोहोंत नैतिक भेद आहे, असे कॅथलिक परंपरेतील हा सिद्धान्त सांगतो. त्याची परीक्षा घेण्यासाठी फुट ह्यांनी उदाहरणांची एक जोडी मांडली. एका न्यायाधीशापुढे पाच ओलिसांना धरून ठेवणारा दंगलखोर जमाव आहे. एखाद्या निरपराध माणसास अपराधी ठरवून देहान्त दिला, तरच ते ओलीस वाचतील. दुसरीकडे एका अनावर ट्रामगाडीच्या चालकापुढे रुळावर पाच माणसे आहेत. गाडी दुसऱ्या रुळावर वळविली, तर तेथील एकच माणूस मरेल. दोन्हीकडे हिशेब पाचास एक असाच असताना चालकाने गाडी वळवावी असे आपण म्हणतो, आणि न्यायाधीशाच्या कृत्याने मात्र आपणास धक्का बसतो. हे का?

फुट ह्यांचे उत्तर असे की, ह्यासाठी दुहेरी परिणामाच्या सिद्धान्ताची आवश्यकता नाही. कोणास अपाय न करण्याचे कर्तव्य हे कोणास साहाय्य करण्याच्या कर्तव्याहून बलवत्तर असते. चालकापुढे अपाय न करण्याच्याच दोन कर्तव्यांचा विरोध आहे. न्यायाधीश मात्र साहाय्यासाठी अपाय करू पाहतो. उत्तर पटो वा न पटो, येथे उदाहरणाने बजावलेले कार्य नीट पाहिले पाहिजे. चालकाने काय करावे हा शोधाचा विषयच नव्हता. ते गृहीत धरले होते. दोन प्रसंग शेजारी ठेवून त्यांतील भेद कोणत्या तत्त्वाने स्पष्ट होतो, हे पाहावयाचे होते. व्याकरणकार दोन वाक्ये शेजारी ठेवून प्रत्ययाचा अर्थ उलगडतो, तसाच हा प्रकार होता.

जूडिथ जार्व्हिस थॉमसन ह्यांनी १९७६ मध्ये व पुन्हा १९८५ मध्ये हा प्रश्न हाती घेतला, त्यास ‘ट्रॉलीचा प्रश्न’ हे नाव दिले आणि उदाहरणांची संख्या वाढविली. पुलावरून एका जाड माणसास खाली ढकलून गाडी थांबविण्याचा प्रसंग त्यांचाच. चालकाऐवजी रुळांच्या खटक्याजवळ सहज उभा असलेला त्रयस्थही त्यांचाच. येथपर्यंतही तुलनेची शिस्त कायम होती. पुढे मात्र ह्या साधनाचे प्रयोजनच पालटले.

२

जे तत्त्वांतील भेद दाखविण्याचे साधन होते, ते माणसांची नीती मोजण्याचे माप झाले. जोशुआ ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध केले. पुलावरून ढकलण्यासारख्या प्रसंगांचा विचार करताना मेंदूतील भावनेशी निगडित भाग अधिक क्रियाशील होतात, असे त्यांत दाखविले होते. त्यानंतर अशा कोड्यांवरून कोण ‘परिणामवादी’ आणि कोण ‘कर्तव्यवादी’ हे ठरविणाऱ्या संशोधनास पूर आला. ह्या मापाचा कळस २०१८ मध्ये ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉरल मशीन’ ह्या प्रकल्पात दिसतो. स्वयंचलित मोटार अपघातात कोणास वाचवील आणि कोणास चिरडील, असे प्रश्न जगभरच्या लोकांस विचारून २३३ देशांतून व प्रदेशांतून सुमारे ४ कोटी निर्णय गोळा करण्यात आले. म्हातारा की मूल, पुरुष की स्त्री, प्रतिष्ठित की सामान्य, अशा निवडी त्यांत होत्या.

ह्या मापाने नेमके काय मोजले जाते? बेल्जममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ह्या प्रश्नाची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. सहभागी व्यक्तींना सांगण्यात आले की, काही क्षणांत पाच उंदरांच्या पिंजऱ्यात विजेचा धक्का बसेल. कळ दाबल्यास तो पाचांऐवजी एका उंदरास बसेल. (प्रत्यक्षात कोणत्याही उंदरास धक्का दिला गेला नाही.) प्रसंग समोर असता शेकडा ८४ जणांनी कळ दाबली, हाच प्रसंग कल्पून उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा ६६ जणांनी आपण कळ दाबू असे सांगितले. ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, ट्रॉलीसारख्या कोड्यांना कोणी काय उत्तर दिले, ह्यावरून तो प्रत्यक्षात काय करील, हे सांगता आले नाही. उंदरांवरून माणसांविषयी फार मोठे अनुमान काढणे युक्त होणार नाही; परंतु कोड्याचे उत्तर म्हणजे आचरणाचा आरसा, ही समजूत एवढ्यानेही डळमळीत होते.

अंतःप्रतीती हे आधारभूत प्रमाण आहे, असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. थॉमसन ह्यांनीच २००८ मध्ये आपले मत फिरविले. त्रयस्थाने खटका फिरवून एकाचा बळी देणे समर्थनीय नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. जो किंमत स्वतः देण्यास तयार नाही, त्याने ती दुसऱ्याकडून वसूल करू नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. तीस वर्षे ज्या प्रतीतीवर एका वाङ्मयाची इमारत उभी राहिली, ती प्रतीती त्या वाङ्मयाच्या प्रमुख शिल्पकारासच अखेरीस पटेनाशी झाली. प्रतीती चुकू शकते एवढाच ह्याचा अर्थ नाही. कर्त्याने स्वतःविषयी एक प्रश्न विचारताच ती पालटली, हा त्यातील मर्माचा भाग आहे.

३

ह्या प्रसंगांच्या घडणीत चार अटी प्रायः समान आढळतात. पहिली अट निश्चितीची. गाडी वळविली तर पाच वाचतीलच आणि एक मरेलच, हे कर्त्यास ठाऊक असते. दुसरी अट मार्गबंदीची. दोनच मार्ग आहेत. तिसरा असणार नाही, असे प्रश्नकर्त्याचे फर्मान असते. तिसरी अट कर्त्याच्या अनामिकतेची. तो कोण, तेथे कोणत्या अधिकाराने आला, रुळावरील माणसांचे व त्याचे नाते काय, हे सांगितले जात नाही. चौथी अट प्रसंगाच्या समाप्तीची. निर्णय झाला की सारे संपले. मृताच्या घरच्यांपुढे कोणी जात नाही, चौकशी होत नाही, कर्त्यास पश्चात्ताप होत नाही.

आता विचार केला असता असे दिसून येईल की, ज्या शक्तींना आपण नैतिक शक्ती म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांचे क्षेत्र ह्या चार अटींनी वगळलेल्या प्रदेशातच आहे. अपुऱ्या ज्ञानाने, परंतु सावधपणे वागणे. दोन वाईट मार्ग दिसत असता तिसरा हुडकणे. आपल्या पदाने आलेली जबाबदारी ओळखणे. केलेल्या कृत्याचा भार नंतर वाहणे. ह्यांनाच तर विवेक असे नाव आहे. वर्गातील एखादा विद्यार्थी विचारतो, ‘ओरडून सावध करता येणार नाही का? गाडीस ब्रेक का नाहीत? त्या माणसांना रुळावर कोणी पाठविले?’ त्यास उत्तर मिळते की, हे प्रश्न विचारावयाचे नाहीत. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर असेल. परंतु त्या विद्यार्थ्यास प्रश्न कळला नाही, असा जो ग्रह करून घेतला जातो, तो योग्य नाही. जबाबदार माणसाच्या मनात प्रथम यावयास हवेत तेच प्रश्न त्याच्या मनात आले आहेत.

ह्या बाबतीत जर्मनीच्या वाहतूक मंत्रालयाने नेमलेल्या नीतिविषयक समितीचा जून २०१७ चा अहवाल बोधप्रद आहे. स्वयंचलित वाहनांची रचना मुळातच अशी असावी की शक्यतो असे पेच उद्भवूच नयेत, असे समितीने सांगितले. जीव विरुद्ध जीव असा खरा पेच परिस्थितीवर इतका अवलंबून असतो की, त्याचे उत्तर आगाऊ ठरवून यंत्रात भरता येत नाही, असेही तिने नमूद केले. आणि अपरिहार्य अपघातात वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती ह्यांवरून माणसामाणसांत भेद करण्यास तिने स्पष्ट मनाई केली. जो प्रश्न पुढे ४ कोटी वेळा विचारला गेल्याचे प्रसिद्ध झाले, तो विचारण्याचाच अधिकार समितीने मान्य केला नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

४

कल्पित प्रसंगाशेजारी त्याच्याच घाटाचा खरा प्रसंग ठेवला म्हणजे काय गळून पडले आहे, हे चटकन् ध्यानात येते. बुडत्या नौकेतील माणसांनी एकाचा बळी देऊन इतरांनी वाचावे काय, हे नीतिशास्त्रातील जुने कोडे आहे. १८८४ मध्ये ते प्रत्यक्ष घडले. साउदॅम्प्टनहून सिडनीकडे निघालेली ‘मिन्योनेट’ ही नौका जुलैमध्ये दक्षिण अटलांटिकात बुडाली. कप्तान डडली, स्टीव्हन्स, ब्रुक्स आणि रिचर्ड पार्कर हा १७ वर्षांचा मुलगा असे चौघे एका उघड्या होडीत राहिले. जवळ सलगमाचे दोन डबे होते. गोडे पाणी नव्हते. एक कासव हाती लागले, तेही संपले. विसाव्या दिवशी डडलीने स्टीव्हन्सच्या संमतीने पार्करला ठार मारले. तिघांनी त्याच्या मांसावर दिवस काढले. चौथ्या दिवशी एका जहाजाने त्यांना वाचविले.

कोड्याच्या भाषेत हे ‘तिघांसाठी एक’ इतकेच होईल. न्यायालयापुढे आलेली हकीकत ह्याहून कितीतरी निराळी आहे. चिठ्ठ्या टाकण्याची सूचना झाली होती. ब्रुक्सने ती मानली नाही, आणि चिठ्ठ्या टाकल्याच गेल्या नाहीत. मारावयासाठी पार्करचीच निवड का झाली? तो आजारी व असहाय होता, प्रतिकार करू शकत नव्हता, आणि त्याची संमती कोणी विचारली नाही. ज्यूरीने आपल्या निवेदनात लिहिले की, त्यांनी हे केले नसते तर ते बहुधा जगले नसते. परंतु इतर तिघांपैकी कोणास मारण्यापेक्षा मुलासच मारण्याची अधिक निकड होती, असे दिसत नाही. हा ‘बहुधा’ शब्द कोड्यात येऊच शकत नाही, आणि खऱ्या प्रसंगात तो टाळता येत नाही. मुख्य न्यायाधीश लॉर्ड कोलरिज ह्यांच्या निर्णयाचा रोखही येथेच आहे: अशा निकडीचा न्याय कोणी करावयाचा, आणि जिवांचे तारतम्य कोणत्या मापाने ठरवावयाचे? ज्याचा जीव वाचावयाचा आहे त्यालाच न्यायाधीश केले, तर दुबळ्याचीच निवड होणार. देहान्ताची शिक्षा झाली. ती पुढे सहा महिन्यांच्या कारावासावर आली. कृत्य अपराधच आहे, पण ते करणारी माणसे दयेस पात्र आहेत, अशी ही दुहेरी भूमिका आहे. ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ ह्या दोनच रकान्यांत ती बसत नाही. आणि म्हणूनच ती नैतिक अनुभवाशी अधिक प्रामाणिक आहे.

५

कल्पित प्रसंगांनी फार तर वर्गात वेळ जातो, प्रत्यक्षात हानी काय, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून ‘टिकटिकणाऱ्या बॉम्ब’चे उदाहरण पुरेसे आहे. शहरात बॉम्ब दडविला आहे, तो कोठे आहे हे पकडलेल्या माणसास ठाऊक आहे, छळ केला तरच तो सांगेल. तर छळ करावा काय? अल्जीरियातील युद्धाच्या पार्श्वभूमीवरील झां लार्तेगी ह्यांच्या १९६० मधील कादंबरीने ह्या कल्पनेस लोकप्रियता दिली, असे सामान्यतः मानले जाते. २००१ नंतर अमेरिकेत तिची चर्चा पुन्हा जोराने झाली. येथेही निश्चितीची अट सर्वत्र पसरलेली आहे: माणूस तोच आहे, त्याला ठाऊक आहे, तो खरे सांगेल, वेळ पुरेल. हेन्री शू ह्यांनी १९७८ मध्ये आणि डेव्हिड लुबान ह्यांनी २००५ मध्ये ह्या कृत्रिमतेवर नेमके बोट ठेवले. छळ हा एकाकी माणसाच्या एका क्षणाचा निर्णय नसतो. त्याला प्रशिक्षण, खोल्या, वैद्य, हुकूम व सराव लागतो. अपवाद म्हणून कल्पिलेल्या प्रसंगातून संस्था जन्मास येते.

इस्राएलमध्ये हा प्रवास पाहावयास मिळतो. १९८७ च्या लांडाऊ आयोगाने निकडीच्या बचावाचा आधार घेऊन चौकशीत ‘मर्यादित शारीरिक दबाव’ मान्य केला. सप्टेंबर १९९९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, निकडीचा बचाव एखाद्या व्यक्तीस कृत्यानंतर, त्या विशिष्ट परिस्थितीत, कदाचित् मिळू शकेल. परंतु त्यातून शारीरिक बळ वापरण्याचा सर्वसाधारण शासकीय अधिकार निर्माण होत नाही. एका प्रसंगाचे उत्तर नियमाचा पाया होऊ शकत नाही, हे तत्त्व येथे न्यायाच्या भाषेत सांगितले गेले.

एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम ह्यांनी तर १९५८ मध्येच, म्हणजे फुट ह्यांच्या निबंधापूर्वी नऊ वर्षे, हा धोका ओळखला होता. ज्या परिस्थितीत आपण कधीच सापडणार नाही, तिच्यात एखादे दुष्कृत्य करण्याचा निर्णय माणसाकडून कल्पनेत घेवविला, की आपल्या गोटातील लोक प्रत्यक्षात तसेच काही करू लागले असता त्यास संमती देण्याची त्याच्या मनाची तयारी होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. कोडे निर्णय मागते. आणि मागितलेला निर्णय वारंवार दिल्याने मनास वळण लागते.

६

ह्यावर एक आक्षेप विचारार्ह आहे. भौतिकशास्त्रही घर्षणरहित पृष्ठभाग कल्पिते. मग नीतिशास्त्राने गुंतागुंत बाजूस सारली, तर काय बिघडले? बिघडते ते असे की, भौतिकशास्त्रज्ञ वगळलेले घर्षण पुढे मोजून हिशेबात परत आणू शकतो. नीतिशास्त्रात वगळलेली अनिश्चिती, नाते, पद व पश्चात्ताप परत कशी आणावयाची, ह्याचा कोणताही नियम कोडे सांगत नाही. शिवाय घर्षण वगळल्यावरही गती उरतेच. येथे मात्र जे वगळले जाते, त्यातच अभ्यासविषयाचा मोठा भाग आहे.

दुसरा आक्षेप मराठी वाचकास अधिक जवळचा वाटेल. आपल्या परंपरेतही अशी उदाहरणे आहेत, आणि लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ ह्या प्रकरणात त्यांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. त्यांतील कर्णपर्वातील कौशिकाचे उदाहरण पाहू. सत्य बोलण्याचे व्रत असलेल्या ह्या तपस्व्याने, लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांस खरा सांगितला; ती माणसे मारली गेली, आणि कौशिकास अधोगती मिळाली. ही कथाही कल्पितच आहे. मग तिला निराळा न्याय का लावावा?

उत्तर कथेच्या संदर्भात आहे. ही कथा श्रीकृष्ण अर्जुनास रणांगणावरील एका प्रत्यक्ष पेचात सांगतो. गांडीव दुसऱ्यास दे असे जो म्हणेल त्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. आणि कर्णाच्या बाणांनी जर्जर झालेला युधिष्ठिर रागाच्या भरात नेमके तेच बोलून बसला आहे. प्रतिज्ञा मोडावी की ज्येष्ठ बंधूस मारावे, हे दोनच मार्ग अर्जुनास दिसतात, आणि तो खड्ग उपसतो. श्रीकृष्ण त्या दोन मार्गांतून निवड करीत नाही. ज्येष्ठास ‘तू’ म्हणून अवमानणे हाच त्याचा वध, असे सांगून तो तिसरा मार्ग काढतो. त्यानंतर अनुतापाने आत्मघातास निघालेल्या अर्जुनास, आत्मस्तुती हाच आत्मवध, असे सांगून पुन्हा वाट काढून देतो. लपलेल्यांच्या प्रश्नातही त्याचा क्रम लक्षणीय आहे: मौनाने सुटका होत असेल तर बोलूच नये; बोलणे भागच पडले, किंवा मौनानेच संशय येत असेल, तर मग असत्य बरे. म्हणजे असत्याची परवानगी शेवटी येते. आधी वाट शोधण्याचे कर्तव्य येते. कर्त्यास येथे नाव आहे, नाते आहे, पूर्वीची प्रतिज्ञा आहे, नंतरचा अनुतापही आहे. तेव्हा भेद कल्पित आणि सत्य ह्यांतील नसून, विवेकास वाव ठेवणारी कल्पना आणि तो आगाऊच बंद करणारी कल्पना ह्यांतील आहे.

७

सारांश, कल्पित पेचप्रसंगांचा उपयोग तीन बंधने पाळून करावा असे सुचवावेसे वाटते. एक, तो तुलनेसाठी करावा; जोडीतील दोन प्रसंगांत भेद करणारे तत्त्व कोणते, एवढेच त्यातून शोधावे. दोन, उत्तर मागण्यापूर्वी प्रसंगात कोणत्या अटी घालून ठेवल्या आहेत, त्यांची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. पुष्कळदा ती यादीच उत्तरापेक्षा अधिक शिकवून जाते. तीन, त्या अटी प्रत्यक्षात पाळल्या जातात असे दाखविल्याखेरीज कोड्याचे उत्तर कायद्यात, धोरणात किंवा एखाद्याच्या शीलाच्या मूल्यमापनात नेऊ नये. पदव्युत्तर वर्गात फुट ह्यांचा निबंध अवश्य वाचावा. परंतु त्याच्या शेजारी डडली-स्टीव्हन्स खटल्याचा निर्णय आणि कर्णपर्वातील तो प्रसंगही वाचावा. पहिल्या वाचनाने विद्यार्थ्यास तत्त्वांतील सूक्ष्म भेद कळेल. दुसऱ्या दोहोंनी, ते भेद वापरण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्या माणसाची स्थिती त्याच्या ध्यानी येईल.